टेबटबाईंनी गाडीला टप घातला

रश्डन गावात मी एकतीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवली. पहिल्या दिवशी माणूस गाडीत बसला की एक तर स्टिअरिंग गच्च आवळतो, नाहीतर डॉक्टरकडे बघावं तसा माझ्याकडे बघत राहतो. मिस टेबट बसल्या आणि त्यांनी सीटच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"ही शिवण कुणी मारली?"

"कारखान्यात मारली असेल, मिस टेबट. आधी आरसा नीट करून घ्या."

"इंचाला सहा टाके. घाईत होती बिचारी," त्या म्हणाल्या, आणि मग आरसा नीट केला.

ही गोष्ट १९८७च्या शरदातली. एनिड टेबट तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या आणि आमच्याच गल्लीत, चार दारं सोडून एकट्या राहत होत्या. आईचं करता करता लग्नाचं वय कधी निघून गेलं ते त्यांना कळलं नाही, असं गल्ली म्हणायची. त्या म्हणायच्या, चांगलं कळलं होतं, पण विचारायला आला तो अगदीच बावळट होता.

चौदाव्या वर्षी त्या बुटांच्या कारखान्यात लागल्या. आमच्या गावात दुसरं काही नव्हतंच. मिस टेबट शिवणखात्यात होत्या. बुटाचा वरचा भाग, म्हणजे पायावर दिसतो तो सगळा, तिथे बायका मशीनवर शिवत. मग तो पलीकडच्या दालनात पुरुषांकडे जाई. ते तो पायाच्या आकाराच्या लाकडी फर्म्यावर चढवून पकडीने ओढत आणि बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, ठोकून बसवत. शिवणं बायकांचं, ओढणं पुरुषांचं. बूट बिघडला की बायका म्हणत, ह्यांनी ओढून फाडला. पुरुष म्हणत, ह्यांनी शिवलाच वाकडा. चव्वेचाळीस वर्षं हे ऐकून झाल्यावर १९८७च्या वसंतात कारखाना बंद पडला. मशीनं भंगारात जायला निघाली तेव्हा मिस टेबट आपलं मशीन हातगाडीवर घालून घरी घेऊन आल्या. ते पुढच्या खोलीत खिडकीशी बसवायला जमिनीच्या फळ्यांखाली विटा द्याव्या लागल्या.

आणि मग त्या माझ्याकडे गाडी शिकायला आल्या.

"कुठे जायचंय तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"कुठे म्हणजे?"

"नाही, लोक कामासाठी शिकतात, बाजारासाठी शिकतात."

त्यांनी आधी हँडब्रेक ओढला. मग म्हणाल्या, "मी कामाला लागले तेव्हा लढाई चालू होती. विमानांना उजेड दिसू नये म्हणून छपराच्या काचांना काळा रंग फासला होता. लढाई संपली, पण माझ्या डोक्यावरचा रंग खरवडायला नऊ वर्षं कुणाला सवड झाली नाही. वर बघितलं की काळं. मला एकदा अशा गाडीत बसायचंय, क्लाइव्ह, जिला वर काहीच नाही."

ती गाडी त्यांनी हेरूनही ठेवली होती. जुन्या डॉक्टरांची मॉरिस मायनर, १९५८ची, करड्या रंगाची, मागे दुमडता येणाऱ्या कापडी टपाची. डॉक्टर त्याच गाडीतून मिस टेबटच्या आईला तपासायला येत. ते गेल्यावर गाडी त्यांच्या बायकोच्या शेडमध्ये दहा वर्षं पडून होती. मिस टेबट तिसऱ्या खेपेला परीक्षा पास झाल्या, त्याच संध्याकाळी त्यांनी डॉक्टरीणबाईंचं दार वाजवलं. इंजिन माझ्या मेहुण्याने चालू करून दिलं. टपाचं मात्र काही उरलं नव्हतं. उंदरांनी एक कोपरा नेला होता, घडीच्या जागा भाजलेल्या पावासारख्या तडकल्या होत्या, मागची खिडकी पिवळी पडून कुजली होती.

नॉर्थॅम्प्टनच्या एका कारागिराने गाडीभोवती एक फेरी मारली. तीन महिने थांबावं लागेल, तो म्हणाला. मिस टेबटनी विचारलं, कापड दिलंत तर मी घरी करू का? तो हसला. "बाई, हे घरी बसून करायचं काम नव्हे."

हे त्याने बोलायला नको होतं.

---

जुना टप काढायलाच त्यांना एक आठवडा लागला. एकेक चूक उपटून त्या वाटीत टाकत होत्या. कापड निघालं तसा खालचा सांगाडा दिसला: तीन लोखंडी कमानी, त्यांना बांधणारे नवारीचे दोन पट्टे, पुढे काचेच्या वर एक लाकडी पट्टी आणि मागे डिकीच्या वर दुसरी. एवढंच. मला वाटलं होतं आत काहीतरी भानगडीचं यंत्र असेल.

"कोंबडीचा सापळा बघितल्यासारखं वाटतंय," मी म्हणालो.

"मला पाय बघितल्यासारखं वाटतंय," त्या म्हणाल्या.

जुन्या टपाच्या शिवणी त्यांनी उसवल्या, तुकडे पलंगावर पसरले, खडूने नव्या कापडावर उतरवले. कापड जाड होतं, दोन थरांच्या मध्ये रबर असलेलं, काळं. कात्री चालवताना त्यांनी मला खोलीबाहेर काढलं. नंतर दोन दिवस गल्लीत त्यांच्या मशीनचा आवाज येत होता. त्यांच्या शेजारच्या म्हाताऱ्याने सांगितलं की त्याच्या कपाटातल्या बशा नाचत होत्या.

१९८९च्या मार्चमध्ये आम्ही दोघांनी तो टप चढवला. त्या सांगतील तसं मी धरत होतो. शिवण पाहून मी बोललोच, अहो, ही तर कारखान्यातल्यापेक्षाही सरळ आहे. त्यांना ते आवडलं. चुका ठोकल्या, पुढची खिटी लावली आणि आम्ही फेरी मारायला निघालो.

वीसच्या वेगाला काही नाही. तीसला वर फडफड सुरू झाली. चाळीसला टप फुगला, आमच्या डोक्यावर चांगला वीतभर वर गेला आणि धाडकन खाली आपटला. पुन्हा फुगला. रस्त्याने चाललेला एक सायकलवाला खाली उतरून बघायला लागला.

मिस टेबटनी गाडी कडेला घेतली. खाली उतरून त्या टपाकडे बघत राहिल्या. कमानींच्या मध्ये कापडाला झोळ पडला होता. मी म्हणालो, अजून थोडं ओढून चुका मारल्या तर बसेल. त्यांनी मान हलवली.

"मी गाढव आहे, क्लाइव्ह."

"असं काय बोलता?"

"तीस वर्षांत कापड सैल पडतं. मी जुन्या टपाचं माप घेतलं, म्हणजे त्याच्या सैलपणाचंही माप घेतलं. टप बेतायचा तो गाडीवर. जुन्या टपावर नाही. बूट काय जुन्या बुटावर बेततात? पायावर बेततात."

घरी आल्यावर त्यांनी सगळ्या चुका उपटल्या. पूर्ण टप, एवढ्या मेहनतीचा, काढून जिन्याखाली टाकला. माझा जीव हळहळला. त्या मात्र चहा टाकायला गेल्या.

पुढचे पंधरा दिवस गाडीवर जुनी चादर होती. कमानींवर ताणून, टाचण्यांनी टाचून, खडूने खुणा करून. कोणता धागा उभा यायला हवा, कोणता आडवा, कुठे कापड तिरकं, उरेब घेतलं तर कोपऱ्यात बसेल. त्या चादरीभोवती फिरायच्या, एखादी टाचणी काढून अंगठ्याच्या नखाएवढी सरकवायच्या, परत फिरायच्या. येणारे-जाणारे विचारायचे, "काय मिस टेबट, गाडीला बरं नाही का?" त्या म्हणायच्या, "बाळंतीण आहे."

दुसरा टप शिवून झाला तेव्हा तो सांगाड्यापेक्षा उघडउघड लहान होता. मी हातात घेऊन बघितला. पुढच्या पट्टीपर्यंत पोचायला दोन बोटं कमी.

"हा बसणार नाही," मी म्हणालो.

"बसेल. ओढणारा पाहिजे." त्यांनी टपाची घडी घातली. "शिवणं माझं. ओढणं मला येत नाही. येतं असं समजून मी एकदा फसले."

आणि मग खाली बघत म्हणाल्या, "तू माझ्याबरोबर सिरिल मन्सकडे येशील? एकटी गेले तर दारातूनच भांडून परत येईन."

---

सिरिल मन्स आणि मिस टेबट सव्वीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, हे गावाला ठाऊक होतं. १९६३ साली कारखान्यात दोनशे चाळीस जोड बिघडले. सगळे एकाच जागी, टाचेजवळच्या शिवणीवर फाटलेले. साहेबांनी दोन्ही खात्यांना उभं केलं. ओढण्याचं काम सिरिलचं. तो म्हणाला, शिवण कच्ची होती. मिस टेबटना मशीनवरून उठवून वर्षभर खोक्यांत बूट भरायच्या कामाला लावलं. वर्षानंतर त्या परत मशीनवर बसल्या, पण त्या माणसाशी पुन्हा शब्द बोलल्या नाहीत. तो रस्त्यात टोपी उचलायचा. त्या समोरच्या दुकानाची पाटी वाचायच्या.

सिरिलने दार उघडलं. बहात्तर वर्षांचा, बुटका, हात मात्र घरातल्या दुसऱ्याच कुणाचे वाटावेत एवढे मोठे. डावा कान मशीनच्या आवाजाने गेलेला. मिस टेबटना बघून त्याचा चेहरा पडला.

"कोण मेलं?"

"अजून कुणी नाही. तुझी पक्कड आहे का?"

"काय?"

"पक्कड!" त्या ओरडल्या. "ओढायची!"

"ओरडतेस काय, हा कान चांगला आहे. आहे पक्कड. कशाला?"

"गाडीच्या टपाला."

सिरिलने माझ्याकडे बघितलं, जणू खरं काय ते मी सांगणार होतो. मी मान डोलावली.

"म्हणजे तू शिवलेलं मी ओढायचं," तो म्हणाला. "आणि फाटलं की नाव माझं."

"फाटलं की नाव कुणाचं होतं, ते तुला चांगलं ठाऊक आहे, सिरिल मन्स."

मी मागे वळून आमची गाडी नीट लावली आहे का ते बघितलं. मग सिरिल आत गेला. दार उघडंच होतं, म्हणून आम्ही थांबलो. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात तेलकट फ्लॅनेलची गुंडाळी होती.

"कापड दाखव," तो म्हणाला.

पिशवीतून त्यांनी टपाचं एक टोक बाहेर काढलं. त्याने ते दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून उभं ओढलं, आडवं ओढलं, तिरकं ओढलं. मग शिवणीवरून नख फिरवलं. तो टाके मोजतोय की काय असं मी बघत होतो; तो मोजत नव्हता.

"अकरा," तो म्हणाला.

"कोपऱ्यात बारा," मिस टेबट म्हणाल्या.

"माया किती सोडलीस?"

"पाऊण इंच."

"थंडीत हात लावायचा नाही. ऊन पडू दे. चांगलं, घाम येईल असं ऊन. त्या दिवशी बोलाव."

इंग्लंडात असं ऊन मागून मिळत नाही. आम्ही तीन आठवडे थांबलो. मिस टेबट रोज सकाळी मागच्या दारात येऊन आकाशाकडे बघायच्या आणि परत आत जायच्या. मे अखेरच्या सुट्टीच्या सोमवारी सकाळी आठलाच पायरी तापली होती.

---

टप त्यांनी कोळशाच्या खोलीच्या पत्र्यावर उन्हात पसरून ठेवला होता. नऊला सिरिल आला. रविवारचा कोट, चकाकणारे बूट, आणि बगलेत ती गुंडाळी. कोट काढून त्याने घडी घालून भिंतीवर ठेवला. गल्लीतली माणसं चहाचे मग घेऊन भिंतीपाशी जमली होती. सुट्टी होती आणि टीव्हीवर काही नव्हतं.

"काय सिरिल, लग्नाला आलास का?" कुणीतरी म्हणालं.

"ह्या बाईशी लग्न करायला हिंमत लागते. मी नुसता ओढायला आलोय."

"तोंड बंद कर आणि चुका घे," मिस टेबट म्हणाल्या.

त्याने खरंच तोंड बंद केलं. मूठभर बारीक चुका तोंडात टाकल्या आणि गाल फुगवून गाडीच्या मागच्या बाजूला गेला. मी हे लहानपणी ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. जिभेने फिरवून तो एकेक चूक माथा पुढे करून ओठांवर आणायचा, हातोडीच्या चुंबकी डोक्याने ती तिथूनच उचलायचा, आणि टक्, टक्. दोन ठोक्यांत चूक लाकडात अर्धी. अर्धीच. पूर्ण नंतर ठोकायची, सगळं जमलं की. पहिली मधोमध. मग एक डावीकडे, एक उजवीकडे, एक डावीकडे. त्याचे डोळे चुकेवर नव्हतेच. ते कापडावर होते.

मागची बाजू झाली. कमानींवरून कापड पुढे आलं आणि पट्टीच्या दोन बोटं अलीकडे थांबलं. भिंतीपाशी कुणीतरी खाकरलं.

सिरिलने कमानी जराशा मागे ढकलल्या, खिटी न लावता, म्हणजे पुढची पट्टी काचेपासून वीतभर वर उचललेली राहिली. मग त्याने पक्कड घेतली. चोच वाकडी, आणि चोचीखाली एक हातोडीसारखा गट्टू. चोचीत कापडाची कड धरायची, गट्टू लाकडाला टेकवायचा आणि मनगट खाली दाबायचं. सगळी ताकद त्या गट्टूवर फिरते. मिस टेबट मागच्या खिडकीपाशी गेल्या आणि दोन्ही तळवे शिवणींवर ठेवून उभ्या राहिल्या.

त्यानंतर जवळजवळ तासभर त्या दोघांत एक शब्द बोलला गेला नाही.

तो पुढून ओढायचा. त्या मागे हात उचलायच्या, किंवा एक तळवा इंचभर सरकवायच्या, किंवा दाबून धरायच्या. त्या दाबल्या की तो थांबायचा. त्याला त्या दिसत नव्हत्या. मध्ये टप होता. त्यांना तो दिसत नव्हता. तोंडात चुका असल्याने त्याला बोलता येत नव्हतं आणि डाव्या बाजूने त्याला ऐकूही येत नव्हतं. तरी त्याने पक्कड दाबली आणि जरा जास्त झालं की त्यांचा तळवा पुढे झालेला असायचा, आणि तो लगेच सैल सोडायचा. मला राहवलं नाही. मी कडेने जाऊन टपावर हात ठेवला. ऊन लागलं. बाकी काही लागलं नाही. त्या कापडातून एवढं काय काय चाललं होतं, आणि माझ्या हाताला नुसतं ऊन.

भिंतीपाशी एक बाई हातात मग घेऊन तशीच उभी होती, तिच्या चहावर साय धरली होती.

कापड पुढे सरकत होतं. मला दिसत होतं म्हणून विश्वास ठेवायचा. दोन बोटं, दीड, एक. सुरकुती पडायची, कोपऱ्याकडे पळायची आणि कोपऱ्यात नाहीशी व्हायची. कड पट्टीवरून वळली आणि खाली गेली. टक्, टक्.

शेवटचा डावा कोपरा राहिला. सिरिलने पक्कड लावली, मनगट दाबलं, आणि मध्येच थांबला. मिस टेबटनी काही दाबलं नव्हतं. मी त्यांचे हात बघत होतो. तो स्वतःच थांबला. पक्कड तशीच धरून त्याने उरलेल्या चुका दुसऱ्या तळहातावर थुंकल्या.

"इथे आणखी ओढलं तर शिवण जाईल," तो म्हणाला.

"मग ओढू नकोस."

तो हलला नाही. त्याची मान घामाने भिजली होती.

"तेव्हाही असंच हाताला लागलं होतं," तो म्हणाला. "पहिल्याच जोडाला. शिवण म्हणाली, बस. मला दिवसाचे जोड पुरे करायचे होते. मी ओढलं. मग दुसरा ओढला. मग सगळेच ओढले."

मिस टेबट मागून पुढे आल्या नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "ठाऊक आहे."

"काय?"

"ठाऊक आहे!" त्या त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला आल्या. "मी ते जोड बघितले होते. दोरा तुटला नव्हता, सिरिल. दोरा अख्खा होता. चामडं फाटलं होतं, भोकाभोकातून. कच्ची शिवण तशी फाटत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तू तिथेच उभा होतास. बोलले, आणि साहेबांनी तुझ्याकडे बघितलं."

सिरिलने खाली बघितलं. त्याच्या तळहातावर ओल्या चुका चमकत होत्या. गल्लीत एवढी माणसं होती, पण दूरवर कुणाचा तरी रेडिओ चालू आहे हे तेव्हा मला ऐकू आलं.

"वर्षभर," तो म्हणाला.

"चौदा महिने," त्या म्हणाल्या. "अर्धा इंच सोड तिथे. मी आत माया ठेवली आहे. कोपऱ्याला ठेवतेच मी नेहमी."

त्याने अर्धा इंच सोडला. त्यांनी नखाने एक घडी मारली, त्याने त्या घडीवर चूक ठेवली. टक्, टक्. मग दोघांनी मिळून पुढची पट्टी खाली दाबली आणि मिस टेबटनी खिटी लावली.

तो आवाज मला अजून आठवतो. खिटीचा नव्हे. खिटी लागताच सगळा टप एकदम ताणला गेला त्याचा. हलका, खोल, डफावर कुणी बोट टेकवावं तसा. एकही सुरकुती नव्हती. कापड आहे असं वाटेना. गाडी मुळात तशीच घडली असावी, असं वाटत होतं. शेजारचा म्हातारा, ज्याच्या बशा नाचल्या होत्या, तो कुंपणावरून झारी घेऊन आला आणि कुणाला न विचारता त्याने ती टपावर ओतली. पाणी गोळ्यांनी धावलं आणि पायरीवर पडलं. मी आत डोकं घालून बघितलं. कोरडं ठाक.

टाळ्या वगैरे आमच्याकडे वाजवत नाहीत. लोक एकेक करून गाडीजवळ आले, टपाला बोट लावून गेले.

अर्ध्या चुका पूर्ण ठोकायला आणि कडेची पट्टी बसवायला दुपार झाली. मग मिस टेबटनी हॅमचे सँडविच आणि व्हिनेगरमधले कांदे बाहेर आणले. दोघांनी पायरीवर बसून खाल्ले.

"कांदे आईच्या पद्धतीचे?" सिरिलने विचारलं.

"आईच्या पद्धतीचे तुला कुठे ठाऊक?"

"तू डब्यात आणायचीस. आख्ख्या खात्याला वास यायचा. आम्ही तक्रार केली होती."

"ती पण तूच केली होतीस का?"

"नाही," तो घाईने म्हणाला. "ती खरंच मी केली नव्हती."

त्या हसल्या. चव्वेचाळीस वर्षं कारखान्यात आणि दोन वर्षं माझ्या गाडीत, मला वाटतं, त्या तशा हसल्या नसतील.

---

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी आम्हाला हन्स्टन्टनला नेलं, समुद्रावर. मी पुढे, सिरिल मागे, टोपी दोन्ही हातांनी धरून. पीटरबरो ओलांडल्यावर त्यांनी गाडी थांबवली, खिट्या सोडल्या, टप मागे घेतला. कमानी एकामागून एक दुमडल्या. तिथे जमीन सपाट आहे, झाड नाही, टेकडी नाही, एक कालवा आणि बाकी सगळं आकाश. गाडी सुरू केल्यावर त्या रस्त्याकडे कमी आणि वरच जास्त बघत होत्या. मी आयुष्यात कुणाला इतक्यांदा "समोर बघा" म्हटलं नसेल. एक लार्क पक्षी गात सरळ वर चालला होता, आणि त्या गाडी थांबवून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या. मागे एक ट्रॅक्टर येऊन थांबला. तोही थांबून राहिला, त्याने हॉर्न वाजवला नाही.

परत येताना त्याच सपाट जमिनीवर पाऊस आला. तिकडे पाऊस दुरून चालत येताना दिसतो. राखाडी भिंत शेतावरून सरकत येते. मिस टेबटनी टप चढवला, खिटी लावली, आणि भिंत आमच्यावर येऊन आदळली. बाहेर काहीच दिसेना म्हणून त्यांनी इंजिन बंद केलं.

तो आवाज. डोक्यावर एका बोटाच्या अंतरावर, सगळीकडून. वारा गाडी हलवत होता आणि टप जागचा हलत नव्हता. मी शिवणींवरून डोळे फिरवत होतो, एक थेंब तरी सापडेल म्हणून. सिरिलने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तळहात वर करून कापडाला आतून लावला.

"ऐकू येतंय का?" मिस टेबटनी मागे वळून विचारलं.

"हाताला येतंय," तो म्हणाला.

त्यांनीही हात वर केला. मग मीही केला, आणि ह्या खेपेला मलाही लागलं. पावसाचा प्रत्येक थेंब वेगळा लागत होता. आम्ही तिघं अनोळखी मुलुखात रस्त्याच्या कडेला हात वर करून बसलो होतो.

पुढे गल्लीने त्या दोघांचं लग्न लावायचा पुष्कळ प्रयत्न केला. ते काही झालं नाही. पण बेडफर्ड, केंब्रिजहून लोक गाड्या घेऊन यायला लागले, आणि पाच वर्षांत त्या दोघांनी उन्हाळ्या-उन्हाळ्यात चौदा टप घातले. प्रत्येक गाडीवर भांडले. नॉर्थॅम्प्टनचा तो कारागीरही एकदा येऊन हात मागे बांधून बघून गेला. १९९४च्या हिवाळ्यात सिरिल न्यूमोनियाने गेला. त्यानंतर कुणी आलं की मिस टेबट म्हणायच्या, "शिवून देते. ओढणारा तुमचा तुम्ही शोधा." लोक परत जायचे.

मॉरिस त्यांनी ऐंशीव्या वर्षापर्यंत चालवली. मग डोळ्यांनी दगा दिला, तेव्हा केटरिंगच्या एका सुईणीला विकली. ती मुलगी गाडी न्यायला आली त्या दिवशी मी तिथे होतो. तिने वर बघून विचारलं, हा टप मूळचाच का?

"नाही," मिस टेबट म्हणाल्या. "ओला असताना घडी घालू नकोस. कुजतो. आधी वाळू दे, कितीही घाई असली तरी."

मुलीने मान डोलावली आणि किल्ली घेतली. गाडी गल्लीच्या टोकाशी वळेपर्यंत मिस टेबट फाटकात उभ्या होत्या. मग मला म्हणाल्या, "दुसऱ्या गिअरला जरा जास्तच रेंगाळते ती," आणि चहा टाकायला आत गेल्या.